नव्या देशात ओळखीची दुकानं कशी शोधायची

नव्या देशात सामान उतरवून पंधरवडा झाला की मोठी कामं मार्गी लागलेली असतात आणि बारीकसारीक कामं डोकं वर काढतात. नळाचं वायसर झिजलेलं असतं, घराची दुसरी किल्ली करून हवी असते, बॅगेची चेन तुटते, कुठल्याशा कार्यालयात द्यायला पाच कागदांच्या प्रती हव्या असतात. पूर्वीच्या ठिकाणी यातलं एकेक काम दहा मिनिटांचं होतं. इथे त्यात अख्खा शनिवार जातो, आणि रिकाम्या हाताने घरी परतताना वाटतं, या देशात हे दुकानच नसावं.

दुकान बहुतेक वेळा असतं. ते दुसऱ्या नावाने असतं, दुसऱ्याच दुकानाच्या पोटात असतं, किंवा आपण गेलो त्या दिवशी कायद्यानेच बंद असतं. नव्या गावात पहिल्या महिन्यात मी किल्लीसाठी तीन दिवस हार्डवेअरची दुकानं पालथी घातली. किल्ली करणारा माझ्या रोजच्या रस्त्यावरच होता. तो बूट दुरुस्त करायचा, आणि पाटीवरचं बुटाचं चित्र पाहून मी रोज पुढे जात होते. बुटाला टाच बसवणारा आणि किल्ली कापणारा एकच माणूस असणं ब्रिटन-जर्मनीसारख्या देशांत अगदी नेहमीचं आहे. मला ते कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

पायरी १ : दुकानांची नव्हे, कामांची यादी करा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. दुकान म्हणजे अनेक कामांची एक मोट असते, आणि प्रत्येक देश ही मोट वेगळ्या तऱ्हेने बांधतो. तुम्ही ‘मेडिकल’ शोधता तेव्हा मनात नेमकं काय असतं? चिठ्ठीवरचं औषध, डोकेदुखीची गोळी, सॅनिटरी नॅपकिन, बाळाचे लंगोट, साबण, कापूस, थर्मामीटर. आपल्या डोक्यात हे सगळं एकाच काउंटरवर मिळतं.

जर्मनीत या मोटेचे दोन भाग होतात. औषधं ‘आपोथेके’मध्ये, आणि साबण, शाम्पू, लंगोट, नॅपकिन ‘ड्रोगेरी’मध्ये. साधी पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा ड्रोगेरीत मिळत नाही. ब्रिटनमध्ये तीच गोळी सुपरमार्केटच्या फळीवर असते, पण तिथे एका पाकिटात १६ च गोळ्या. ३२ चं पाकीट हवं तर फार्मसीत जावं लागतं. हा नियम १९९८ पासूनचा आहे. स्वीडनमध्ये २०१५ च्या नोव्हेंबरपासून पॅरासिटामॉलच्या गोळ्या साध्या दुकानांतून काढून फक्त औषधांच्या दुकानांत ठेवल्या गेल्या. अमेरिकेत उलट, सुपरमार्केटच्या आतच एका कोपऱ्यात चिठ्ठीवरची औषधं देणारी खिडकी असते. गोळी एकच, पण ती मिळण्याची जागा देशागणिक निराळी.

म्हणून वहीत ‘हार्डवेअर’ असं लिहू नका. ‘नळाचं वायसर’, ‘भिंतीत खिळा ठोकणं’, ‘किल्लीची नक्कल’ असं लिहा. ‘शिंपी’ऐवजी ‘पँटची लांबी कमी करणं’, ‘चेन बदलणं’, ‘सुई-दोरा, बटणं, इलॅस्टिक’. आधीच्या आयुष्यात ज्या दुकानात एकदा जाऊन भागायचं तिथे आता तीन ठिकाणी जावं लागेल, हे यादी लिहितानाच लक्षात यायला लागतं. उलटही होतं. इटलीत तंबाखूच्या दुकानात, ज्याच्या दारावर मोठा ‘टी’ असतो, टपाल तिकिटं, बसची तिकिटं आणि सरकारी अर्जावर लावायचं महसुली तिकीटही मिळतं. जपानमध्ये कोपऱ्यावरच्या छोट्या सोयीच्या दुकानात छापील प्रती काढता येतात, वीज-पाण्याची बिलं भरता येतात, पार्सल पाठवता येतं. तंबाखूशी आपला काही संबंध नाही म्हणून ते दार आयुष्यभर न उघडणारा नवखा माणूस तिकिटासाठी गावभर फिरतो.

यादीत तीन रकाने ठेवा : रोज किंवा आठवड्याला लागणारं, महिन्या-दोन महिन्यांनी लागणारं, वर्षातून एकदा लागणारं. हे रकाने पायरी ३ मध्ये उपयोगी पडतील.

पायरी २ : तिथला शब्द मिळवा

इथे बरेच जण घाई करतात. फोनच्या अनुवादकात ‘हार्डवेअर’ टाकतात आणि संगणकाच्या सुट्या भागांच्या दुकानात पोचतात. अनुवादक शब्दाला शब्द देतो. आपल्याला हवी असते वस्तू.

माझी खात्रीची पद्धत ही : वस्तूवरचा विकिपीडियावरचा लेख इंग्रजीत उघडायचा, भाषांची यादी काढायची आणि नव्या देशाच्या भाषेतला तोच लेख उघडायचा. लेखाचं शीर्षक हा तिथला शब्द. पण तिथेच थांबू नका. तो शब्द चित्रांच्या शोधात टाका आणि दिसणारी चित्रं आपल्या वस्तूची आहेत का ते बघा. इंग्रजीतच बघा ना, ‘वॉशर’ म्हणजे नळातली चकती आणि अमेरिकेत कपडे धुण्याचं यंत्रसुद्धा. चित्र बघितलं की हा घोळ जागीच मिटतो.

वस्तूचा शब्द मिळाला की दुकानाचा शब्द. बऱ्याच भाषांत दुकानाला ठरावीक शेपूट असतं, आणि ते एकदा ओळखता आलं की अनोळखी रस्त्यावरच्या पाट्या वाचता येतात. स्पॅनिशमध्ये ‘-एरिया’ : फेरेतेरिया म्हणजे खिळे-स्क्रू-अवजारांचं दुकान, पापेलेरिया कागद-वह्यांचं, मेर्सेरिया सुई-दोऱ्याचं, सापातेरिया बुटांचं. फ्रेंचमध्ये ‘-री’ : पापेत्री कागदांचं, कॉर्दोनरी बूट दुरुस्तीचं. जपानीत शेवटी ‘या’ येतो : होन म्हणजे पुस्तक, तर होन्या पुस्तकांचं दुकान, हाना म्हणजे फूल, हानाया फुलांचं. जर्मनीत ‘लाडेन’ किंवा ‘गेशेफ्ट’ आलं की दुकान. शिवणाच्या सामानाला तिथे ‘कुर्त्सवारेन’ म्हणतात, शब्दशः ‘आखूड माल’. हा शब्द अंदाजाने कुणालाच सुचणार नाही. तो विचारूनच कळतो.

इंग्रजी बोलणाऱ्या देशात गेलात तरी ही पायरी गाळू नका. उलट तिथेच फसगत जास्त होते, कारण शब्द ओळखीचा वाटतो. आपण मराठीत जे इंग्रजी शब्द वापरतो त्यांतले कित्येक आपले झालेले आहेत. ‘मेडिकल कुठे आहे’ असं विचारलं तर समोरचा दवाखाना समजतो. ब्रिटनमध्ये ‘केमिस्ट’ चालेल, पण अमेरिकेत केमिस्ट म्हणजे रसायनशास्त्रज्ञ. तिथे ‘फार्मसी’ किंवा ‘ड्रगस्टोअर’. ‘झेरॉक्स’ हे एका कंपनीचं नाव आहे. दुकानात ‘फोटोकॉपी’ म्हणा. आणि ‘कटलरीचं दुकान’ विचाराल तर पिना, बांगड्या, टिकल्यांऐवजी सुऱ्या आणि काटे-चमचे तुमच्यापुढे येतील. ब्रिटनमध्ये ‘हॅबरडॅशरी’ म्हणजे सुई-दोरा-बटणं, अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ पुरुषांचे कपडे आणि टाय.

फसवे शब्द इतर भाषांतही आहेत. फ्रेंच ‘लिब्रेरी’ आणि स्पॅनिश ‘लिब्रेरिया’ म्हणजे पुस्तकांचं दुकान, ग्रंथालय नव्हे. स्पेनमध्ये ‘द्रोगेरिया’त साफसफाईचं सामान आणि रंग मिळतात, कोलंबियात त्याच पाटीखाली औषधं. जर्मनीत ‘श्ल्युसेलडीन्स्ट’, म्हणजे ‘किल्ली-सेवा’, ही पाटी दिसली तर ती बहुतेक बंद दार उघडून देणाऱ्यांची असते. रात्री-अपरात्री बोलावलं तर त्यांचं बिल जबर येतं. किल्लीची नक्कल हवी असेल तर तिथे फोन करू नका, बूट दुरुस्तीवाल्याकडे जा.

मिळालेला प्रत्येक शब्द तिथल्या लिपीत फोनमध्ये साठवा, शेजारी वस्तूचं छायाचित्र ठेवा. उच्चार चुकला तरी चित्र दाखवता येतं.

पायरी ३ : नकाशावर शोधा, पण किती लांब बघायचं ते ठरवून

आता नकाशा उघडा. तिथल्या भाषेतला शब्द टाका. आपल्या भाषेत किंवा इंग्रजीत शोधलं तर नकाशा मोठी, साखळीतली दुकानं आधी दाखवतो. गल्लीतलं एकट्या माणसाचं दुकान त्याच्या स्वतःच्या भाषेतच नोंदलेलं असतं.

नेहमीच्या नकाशाच्या जोडीला ओपनस्ट्रीटमॅप वापरा. २००४ मध्ये सुरू झालेला हा नकाशा लोक स्वतः भरतात, आणि त्यात दुकानांचे प्रकार फार बारकाईने वेगळे केलेले आहेत. औषधं देणारी ‘फार्मसी’ निराळी आणि औषधांविना साबण-शाम्पू विकणारा ‘केमिस्ट’ निराळा. अवजारांचं छोटं दुकान, घरदुरुस्तीचं मोठं दुकान, शिवणसामान, भांडी, प्रती काढून देणारा, शिंपी, कुलूपवाला, बूट दुरुस्त करणारा, या प्रत्येकाला स्वतंत्र खूण आहे. या खुणा जगभर एकच असल्याने तिथली भाषा येत नसली तरी शोध घेता येतो. ‘ओव्हरपास टर्बो’ या संकेतस्थळावर खूण लिहिली की नकाशाच्या दिसणाऱ्या भागातली तशी सगळी दुकानं ठिपक्यांनी उमटतात. पहिल्यांदा थोडं अवघड वाटतं, पण अर्ध्या तासात हात बसतो. ‘ऑरगॅनिक मॅप्स’ हे अ‍ॅप याच नकाशावर चालतं आणि इंटरनेट नसतानाही शोधू देतं. नव्या देशात सिमकार्ड सुरू होईपर्यंत ते फार कामी येतं.

आता अंतराचा प्रश्न. जर्मन भूगोलतज्ज्ञ वाल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये एक साधा विचार मांडला : प्रत्येक प्रकारच्या दुकानाला तग धरायला किमान काही गिऱ्हाइकं लागतात, आणि प्रत्येक वस्तूसाठी माणूस ठरावीक अंतरापर्यंतच जातो. रोजची वस्तू असेल तर थोडी वस्तीही दुकान जगवते, म्हणून ती जवळ मिळते. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूचं दुकान मात्र मोठ्या गावातच तगतं. म्हणूनच यादीत तीन रकाने करायला सांगितलं. पहिल्या रकान्यातलं काम घरापासून चालत जाण्याच्या अंतरात नसेल तर तुमचा शब्द चुकला असण्याची शक्यता जास्त. पुन्हा पायरी २ करा. तिसऱ्या रकान्यातलं काम मोहल्ल्यात शोधत बसू नका. जवळच्या मोठ्या शहराचा नकाशा उघडा आणि अशी तीन-चार कामं साठली की एकदाच जाऊन या.

दुसरी गोष्ट, सारखी दुकानं एकमेकांना चिकटून बसतात. दोन प्रतिस्पर्धी विक्रेते रस्त्याच्या दोन टोकांना न बसता मधोमध शेजारी-शेजारी का येतात, याचं गणित हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९२९ मध्ये मांडलं होतं. तुम्हाला त्याचा उपयोग असा : कापडाचं एक दुकान सापडलं आणि त्यात हवं ते मिळालं नाही, तर शहराच्या दुसऱ्या टोकाला पळण्याआधी त्याच गल्लीत शंभर पावलं पुढे-मागे बघा.

निघण्यापूर्वी नोंदीवरची शेवटची छायाचित्रं कधीची आहेत ते पाहा. बंद पडलेलं दुकान नकाशावर कितीतरी वर्षं जिवंत राहतं. शक्य असेल तर फोन करा.

पायरी ४ : वार आणि वेळ

इथे चूक झाली तर सगळी तयारी फुकट जाते. जर्मनीत १९५६ चा दुकानं बंद करण्याच्या वेळांचा कायदा होता. २००६ नंतर हे अधिकार राज्यांकडे गेले, तरी रविवारी बहुतेक दुकानं बंदच असतात. मोठी रेल्वे स्थानकं, विमानतळ आणि पेट्रोल पंप यांना सूट आहे, म्हणून रविवारी काही अडलं तर स्थानकाकडे जा. पोलंडने २०१८ पासून टप्प्याटप्प्याने रविवारचा व्यापार बंद केला. मालक स्वतः गल्ल्यावर उभा असेल तर त्याचं छोटं दुकान उघडं राहू शकतं. नॉर्वेत रविवारी १०० चौरस मीटरपर्यंतची किराणा दुकानं चालू असतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४ च्या कायद्याने २८० चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळात सलग ६ तासच उघडं राहू शकतं, छोट्यांना ही मर्यादा नाही. म्हणजे रविवारी उशिरा मोठं दुकान बंद दिसलं तर कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात बघा, तेच उघडं असेल.

औषधाची रात्री गरज पडली तर घाबरू नका. जर्मनी, फ्रान्स, स्पेन, इटली अशा अनेक देशांत औषधांच्या दुकानांची रात्रीची आणि सुट्टीची पाळी लावलेली असते, आणि पाळीवर कोणतं दुकान आहे ते बंद दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं. युरोपात बऱ्याच ठिकाणी हिरवा क्रॉस आणि जर्मनीत लाल ‘ए’ अशी खूण शोधा. आल्या आठवड्यातच, कोणी आजारी नसताना, सर्वांत जवळच्या दुकानापर्यंत एकदा चालत जाऊन या. अंगात ताप असताना पत्ता शोधणं फार अवघड असतं.

पायरी ५ : विचारा, आणि योग्य माणसाला विचारा

रस्त्यावरच्या कुणालाही विचारण्यापेक्षा ज्याच्याकडे ती वस्तू नाही अशा दुकानदाराला विचारणं मला जास्त फळाला आलं आहे. ‘हे तुमच्याकडे आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं की लगेच निघू नका. दुसरा प्रश्न विचारा : ‘मग कुठे मिळेल?’ त्या धंद्यातल्या माणसाला शेजारची सगळी दुकानं माहीत असतात. दोन प्रश्नांची ही जोडी तिथल्या भाषेत पाठ करून ठेवा. बाकीची भाषा यायला वर्ष लागेल, हे एका संध्याकाळी येतं.

इमारतीची देखभाल करणारा माणूस नळ, दिवे, कुलपं यांबद्दल सगळं जाणतो. शिंपी सापडत नसेल तर कपडे ड्रायक्लीन करणाऱ्याकडे विचारा. बऱ्याच शहरांत कपड्यांची दुरुस्ती त्याच काउंटरवर घेतात. प्रती, लॅमिनेशन, बांधणी यांची दुकानं विद्यापीठाच्या आसपास असतात. काठी, व्हीलचेअर, रक्तदाबाचं यंत्र असं सामान रुग्णालयाजवळच्या रस्त्यांवर बघा. पासपोर्टसाठी फोटो काढायचं यंत्र अनेक देशांत रेल्वे स्थानकात असतं. आणि आपल्यासारख्याच बाहेरून आलेल्यांची दुकानं शोधताना फक्त आपल्या देशाचं नाव शोधू नका. मालक शेजारच्या देशाचा असेल आणि पाटीवर त्याच्याच देशाचं नाव असेल. आत मात्र तुमच्या ओळखीच्या कितीतरी वस्तू असतील.

पायरी ६ : नाव सोडा, मापाचा आकडा घेऊन जा

दुकान सापडलं तरी वस्तू बसेलच असं नाही. सोबत जुनी वस्तू घेऊन जाणं हा यावरचा सर्वांत सोपा उपाय. जुनं वायसर, जळलेला बल्ब, संपलेला सेल, तुटलेलं बटण छोट्या पिशवीत टाका आणि काउंटरवर ठेवा. तिथे भाषा लागतच नाही.

वस्तू नेता येत नसेल तर तिच्यावरचा आकडा लिहून घ्या. आट्यांच्या बल्बवर ‘ई २७’ लिहिलेलं असतं, म्हणजे आट्यांचा व्यास २७ मिलिमीटर. अमेरिका आणि जपानमध्ये तो ‘ई २६’ असतो. दाबून फिरवायचा, दोन खुंट्यांचा बल्ब ‘बी २२’. नवे होल्डर-दिवे घेताना सोबत आणलेले बल्ब त्यात बसतील का, हे या आकड्यांवरून कळतं. विजेचा दाबही बघा : युरोपात २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. आकार जुळला म्हणून बल्ब चालेलच असं नाही.

पेन्सिल सेल म्हणून मागितलात तर कोणाला कळणार नाही. त्यावर ‘डबल ए’ किंवा ‘एलआर ६’ लिहिलेलं असतं, त्याहून बारीक तो ‘ट्रिपल ए’ किंवा ‘एलआर ०३’. घड्याळातल्या चपट्या सेलचा आकडा तर स्वतःच माप सांगतो : ‘सीआर २०३२’ म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. हे आकडे सगळ्या देशांत तेच.

कागदाचं माप फॉर्म छापताना अडतं. जगात बहुतेक ठिकाणी ‘ए ४’, म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर. अमेरिका आणि कॅनडात ‘लेटर’, २१६ × २७९. एका मापाच्या फायलीत दुसऱ्या मापाचे कागद बाहेर डोकावतात, म्हणून फायली सोबत नेऊ नका, तिथेच घ्या. नळाच्या आट्यांचंही तसंच : अमेरिका-कॅनडात एक पद्धत, इतरत्र बहुतेक ठिकाणी ब्रिटिश पद्धत. अर्ध्या इंचाचे दोन्हीचे आटे बोटाने सुरुवातीला फिरतात, बसल्यासारखे वाटतात आणि मग पाणी गळतं. सोबत आणलेला नळाचा जोड जबरदस्तीने बसवू नका.

औषधांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे चूक महाग पडते. कंपनीने दिलेलं नाव देशागणिक बदलतं. औषधाच्या मूळ घटकाचं नाव सहसा बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० मध्ये अशा आंतरराष्ट्रीय नावांची पद्धत ठरवली आणि पहिली यादी १९५३ मध्ये आली. निघण्यापूर्वीच घरातल्या प्रत्येक औषधाचं हे घटकनाव आणि मिलिग्रॅमचा आकडा पाकिटावरून लिहून घ्या. अमेरिकेत मात्र काही नावं वेगळी आहेत : पॅरासिटामॉलला तिथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, दम्याच्या सालब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, मधुमेहाच्या ग्लायबेन्क्लामाइडला ग्लायब्युराइड. अनेक देशांत बाहेरच्या डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही, तिथल्या डॉक्टरकडून नवी घ्यावी लागते. म्हणून औषध संपायला महिना उरलेला असतानाच डॉक्टरची वेळ घ्या. आणि एका देशात सहज मिळणारं औषध दुसऱ्या देशात आणायलाच बंदी असू शकते. सर्दीच्या काही गोळ्यांत स्युडोएफेड्रिन असतं. ते १० टक्क्यांहून जास्त असलेली औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत. नेहमीचं औषध कुठल्याही कडक नियमात येत असेल तर त्या देशाच्या दूतावासाकडे आधी लेखी विचारा.

पायरी ७ : जे दुकान खरंच नाही

काही दुकानं खरोखरच नसतात, आणि ती बहुतेक दुरुस्तीची आणि जुनं विकत घेणाऱ्यांची असतात. जिथे मजुरी महाग तिथे मिक्सर किंवा छत्री दुरुस्त करणारा टिकत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. चालू होऊ शकणारी वस्तू टाकून देणं हाताला जड जातं.

पण पर्याय आहेत. अ‍ॅमस्टरडॅममध्ये २००९ साली मार्टिन पोस्टमा यांनी ‘रिपेअर कॅफे’ सुरू केला. आपली बिघडलेली वस्तू घेऊन जायचं, तिथल्या जाणकार स्वयंसेवकाच्या शेजारी बसायचं आणि दोघांनी मिळून ती दुरुस्त करायची. आता असे कॅफे अनेक देशांत भरतात. ‘रिपेअर कॅफे’ हेच शब्द नकाशावर टाकून बघा. नव्या गावात ओळखी होण्यासाठी याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. फ्रान्समध्ये २०२२ च्या अखेरीपासून घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीच्या बिलात ठरावीक सूट मिळते; मान्यता असलेल्या दुरुस्तीवाल्याकडे खूण लावलेली असते.

भंगार आणि रद्दी विकायची सवय असेल तर इथे मनाची तयारी हवी. पैसे मिळणार नाहीत, पण वस्तू योग्य ठिकाणी पोचवता येते. युरोपीय संघात २०१२ च्या निर्देशानुसार नवं विजेचं उपकरण घेताना त्याच प्रकारचं जुनं दुकानदाराला विनामूल्य परत घ्यावं लागतं. अशा उपकरणांच्या विक्रीची जागा ४०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी असेल तर २५ सेंटिमीटरपेक्षा लहान उपकरणं, तुम्ही नवं काही विकत घेतलं नाही तरी, स्वीकारावी लागतात. जुना फोन, चार्जर, केस वाळवायचं यंत्र यांसाठी हे लक्षात ठेवा. वापरलेले सेल टाकायची पेटी तर सुपरमार्केटच्या दारातच असते.

ऑनलाइन मागवणं मी शेवटी ठेवते. देशातल्या देशात ते ठीक. परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि कर मध्ये येतात. युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून बाहेरून आलेल्या कितीही स्वस्त वस्तूवर मूल्यवर्धित कर लागतो. मागवायचंच असेल तर पाकिटावरच्या रेघांखालचा १३ आकडी क्रमांक शोधात टाका. त्याने नेमकी तीच वस्तू सापडते, नावाच्या गोंधळात पडावं लागत नाही. त्या क्रमांकाच्या पहिल्या तीन आकड्यांवरून वस्तू कुठे बनली ते कळतं असं बरेच जण मानतात, ते खरं नाही. तो क्रमांक कुठल्या देशातल्या संस्थेने दिला एवढंच त्यातून समजतं.

पायरी ८ : सापडलेलं नोंदवा

सापडलेल्या प्रत्येक दुकानाची नोंद फोनच्या नकाशावर जतन करा, आणि शेरा कामाच्या नावाने लिहा : ‘किल्ली’, ‘चेन’, ‘वायसर’, ‘प्रती’. दुकानाचं नाव लिहिलंत तर सहा महिन्यांनी ते कशासाठी होतं ते आठवणार नाही. दुपारी किती वाजता बंद होतं, रोख लागते का, दारावरची खूण कोणती, हे दोन ओळींत.

आणि जे दुकान नकाशावर नव्हतं आणि तुम्हाला चालत-चालत सापडलं, ते ओपनस्ट्रीटमॅपवर भरा. विनामूल्य खातं उघडायचं, नकाशा मोठा करून त्या इमारतीवर ठिपका ठेवायचा, दुकानाचा प्रकार यादीतून निवडायचा, नाव आणि उघडण्याच्या वेळा लिहायच्या आणि जतन करायचं. अँड्रॉइड फोन असेल तर ‘स्ट्रीट कम्प्लीट’ हे अ‍ॅप रस्त्यात उभं असतानाच सोपे प्रश्न विचारतं आणि तुमची उत्तरं थेट नकाशात भरतं. किल्ली करणाऱ्या त्या बूटवाल्याची नोंद मी अशीच दुरुस्त केली. आता त्या गावात किल्लीवाला शोधला की त्याच्या दुकानावर ठिपका दिसतो.